खंडेनवमीला मोडलेली जपानी सुरी

मला जपानी सुऱ्या जमवायचा नाद आहे. उमरग्यात आमच्या घरी खंडेनवमीला विळे, कोयते पूजेत मांडतात, म्हणून मी माझी सगळ्यात लाडकी सुरी मांडली. कच्च्या मासळीचे पातळ काप काढायची ती, पातं कागदासारखं.

कुंकू लावून होतं न होतं तोच चुलत्यांनी ती उचलली. “पूजेतलं पातं कोरडं ठिवायचं न्हाय,” म्हणाले आणि अंगणात नवमीच्या बोकडाच्या मानेवर हाणली. हाडावर टोक मोडलं. अर्धवट कापलेल्या मानेनं बोकड रक्त उडवत अंगणभर धडपडला. मी कोयता घेतला, त्याला गुडघ्याखाली दाबलं आणि एका घावात सोडवलं. मग तोच कोयता चुलत्यांवर रोखून मी ओरडले, “काका, हात लावायच्या आधी इचारायचं तरी!”

“लोखंडच कच्चं हाय तुझं,” ते हसले.

मोडलेलं टोक कुठंच सापडलं नाही. दुपारी पंगतीत चुलत्यांनी मटणाचा तुकडा चावला आणि ताटात रक्त थुंकलं. त्यात टोक चमकत होतं. सगळे त्यांच्याकडं धावले. मी टोक उचललं, धुतलं, पुसून सुरीच्या डब्यात ठेवलं आणि मग त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या नेला.