ओटीवरची जुनी पेटी आणि माझा मेहुणा

माझ्या मेहुण्याएवढा हट्टी माणूस उरणपासून पालीपर्यंत सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो मीच असेन. बायकोचा हा धाकटा भाऊ. टेलिफोनचा लाइनमन. सगळी नोकरी खांबांवर गेली, रिटायर झाला तरी चालताना नजर वरच. एकदा थळच्या बाजारात असाच वर बघत कोळणीच्या पाटीत पाय घातला. ती शिव्या घालतेय आणि हा म्हणतो, "मावशी, तुमच्या डोक्यावरची वायर सैल हाय." हिच्या, म्हणजे त्याच्या बहिणीच्या, बाराव्याला सगळे रडत होते, हा स्टुलावर चढून मांडवातला लुकलुकणारा बल्ब नीट करत होता. मला तेव्हा फार राग आला. त्याला रडता येत नाही, वायर पिळता येते, हे मला उशिरा कळलं.

गेल्या महिन्यात हा एक खोका घेऊन आला. आत तीन पांढऱ्या डब्या. आमचं घर लांबट. वायफायची पेटी पुढं ओटीवर, मागं स्वयंपाकघरात रेंज शून्य. मुलीचा फोन आला की ही पिठाच्या हातांनी ओटीवर धावायची.

"मेश बसवतो, दाजी, तिन्ही डब्या मिळून घरभर एकच वायफाय. कारभार नव्या डबीकडं. नाव नवं, पासवर्ड नवा."

"जुन्या पेटीला हात लावायचा न्हाय."

"का पण?"

सांगितलं नाही. मी चौथी शिकलेला, पण एवढं मला ठाऊक. हिचा फोन ओटीच्या कोनाड्यात मी रोज चार्जिंगला लावतो. त्याचं कुलूप कुणाला उघडत नाही, सिम कधीच बंद पडलं. पण त्या पेटीला तो ओळखतो. माहेरच्या ग्रुपवर कुणी काही टाकलं की टिंग वाजतो. पेटीचं नाव बदललं की तो कायमचा मुका.

ओटीवर जेवायला बसलो तरी ह्याचं चालूच. आमटीची वाटी मधे, भोवती भाकरीचे तीन तुकडे. "ही वाटी जुनी पेटी, हे तुकडे नव्या डब्या. घरातल्या प्रत्येक फोनला नंबर वाटायचा असतो. राउटर मोड लावला तर नवी डबीपण वाटणार, जुनीपण वाटणार, नुसता गोंधळ. म्हणून जुनीला गप्प करायचं."

"नायतर?"

"नायतर ॲक्सेस पॉइंट मोड. वाटणार जुनीच, नव्या फक्त लांब पोचवणार. पण मग डब्यांचा अर्धा हुन्नर फुकट, दाजी!"

"जाऊ दे फुकट."

"तुम्ही अडाणी ते अडाणीच."

"व्हय. भाकरी खा, वायफाय करू नको तिचं."

तेवढ्यात कोनाड्यात टिंग वाजलं. मेहुणा उठला. पडद्यावर ग्रुपवरचा आमच्या मुलीचा निरोप होता, 'मामा पोचला का?' त्यानं चार्जरची सैल वायर नीट खोचली.

"ताईचा चालू हाय?"

मी मान डोलावली. तो येऊन बसला, तीनही राउटर मुकाट्यानं आमटीत बुडवून खाल्ले. मग हात धुऊन म्हणाला, "ॲक्सेस पॉइंट. नाव तेच, पासवर्ड तोच. काय हाय पासवर्ड?"

तो तिलाच ठाऊक. दुपारभर दोघांनी घर उलथं केलं. शेवटी स्वयंपाकघराच्या भिंतीवर, सिलिंडर लावल्याच्या तारखांखाली, पेन्सिलीनं लिहिलेलं तिचं अक्षर सापडलं. मेहुण्यानं एकेक अक्षर वाचून घातलं. जाताना मला दम दिला, "भिंतीला रंग लावायचा न्हाय."

आता हिचा फोन पिठाच्या डब्याशेजारी असतो. रोज सकाळी टिंग वाजतो. पडद्यावर मेहुण्याचं नाव येतं. ग्रुपवर नाही, तिला एकटीला लिहितो. आणि तिला आता ओटीवर धावावं लागत नाही.