बंदुकीच्या पट्ट्याला चुंबळ

"पट्टा चावतो, आजी," असं म्हणून ती डावा खांदा पार कानापर्यंत उचलायची आणि तोंड वाकडं करायची. चप्पल चावते ना, तसा हिला पट्टा चावायचा. बंदुकीचा.

इथं अमेरिकेत, हर्नडनला, आमच्या खालच्याच मजल्यावर राहायची. आईबाप पुण्याचे, ही जन्मली इथंच. जनावरांच्या दवाखान्यात कामाला होती. गड्याला उचलणार नाही असं कुत्रं उचलून टेबलावर ठेवायची. आणि थंडी पडायला लागली की डोंगरात हरणाच्या शिकारीला जायची. माझा मुलगा सॉफ्टवेअरवाला. ती लिफ्टमध्ये दिसली की तो पुढच्या लिफ्टची वाट बघायचा.

मागल्या हिवाळ्यात बर्फावरून घसरली आणि तिचं गळ्याखालचं हाड मोडलं. जुळलं, पण तिथं सुपारीएवढं टेंगूळ राहिलं. पट्टा नेमका त्याच्यावर यायचा.

"उजव्या खांद्यावर घे की," मी म्हटलं.

"उजवीकडे नेम धरतात, आजी. डावीकडून ती पटकन हातात येते. इतक्या वर्षांची सवय आहे."

तिच्याबरोबरचे शिकारी म्हणाले, यंदा तू मचाणावर बस, हरीण आलं तर आलं. हिला ते नको. हिला वारा बघत, पाय न वाजवता, दिवसभर हरणाच्या मागावर हिंडायचं असायचं.

"मचाणावर बसायला मी काय म्हातारी आहे?" म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "सॉरी, आजी."

"सॉरी कशाला? मलापण बसून राहायला आवडत नाही."

त्यावर हसली आणि टेंगूळ चोळायला लागली. "यंदा पायी नाही जमलं, तर बंदूक विकून टाकणार," म्हणाली.

मुलानं मला बजावलं होतं, "आई, बंदूक आपल्या घरात आणायची नाही हं." ती तिच्या कपाटात कुलपातच असायची. म्हणून हिनं तेवढ्याच वजनाचा एक दांडका केला, त्याला कड्या ठोकल्या आणि आम्ही दोघी पार्किंगमध्ये पट्टे बघायला लागलो. तुम्ही बघायला हवं होतं. पुढं ही दांडका लावून चाललीय, मागं मी, नऊवारीवर मुलाचं जाकीट आणि पायात त्याचेच बूट. लोक खिडकीत येऊन उभे राहायचे.

चामड्याचा पट्टा अरुंद होता, थोडं चालली तर कातडी लाल. नायलॉनचा जाकिटावरून घसरायचा, एक हात त्यालाच धरायला. रबरासारखा एक होता, मऊ, पण दांडका विहिरीतल्या बादलीसारखा वरखाली करायचा. मग दप्तरासारखा, दोन्ही खांद्यांवर घ्यायचा तो आणला.

"हा एकदम कम्फर्टेबल आहे."

"काढून दाखव बरं."

एक हात निघाला, दुसरा अडकला, दांडका मानेत.

"चालू दे तुझं," मी म्हटलं. "तोवर हरीण पोरांची लग्नं लावून येईल."

ती तिथंच खाली बसून हसली.

माझी शाळा दुसरीपर्यंत. नवरा लवकर गेला, पदरात दोन पोरं. मी रानातून मोळी आणून बाजारात विकायचे. डोकं दुखलं की मोळी खांद्यावर. दोरी रुतायची, जखम व्हायची, दुसऱ्या दिवशी दोरी त्याच जखमेवर. रडून मोळी हलकी होत नाही. मग गावातल्या एका म्हातारीनं सांगितलं, अगं, चुंबळ खांद्यालाही चालते. फडकं पिळायचं, गोल करायचं, जखम मधल्या पोकळीत ठेवायची. भार कडेवर पडतो, जखमेला वारा लागतो.

हे मी तिला सांगितलं.

"रोज, आजी? त्याच जखमेवर?"

"पोरं रोजच जेवायची ना."

तिनं दांडका खाली ठेवला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून बसली.

मी जुन्या लुगड्याची चुंबळ केली, पण ती चालताना घसरायची. मोळी घेऊन माणूस सरळ चालतं, ही वाकणार, रांगणार. मग तीच म्हणाली, "थांब." खाटेच्या नवारीएवढा रुंद कापडी पट्टा आणला, चुंबळ दाबून चपटी केली आणि गळासारखी वाकडी सुई काढली.

"हे कुत्र्याला घालतेस ते टाके?"

"हे टाके कुत्र्यालापण सोडवता येत नाहीत."

पट्टा लावला. टेंगूळ बरोबर पोकळीत बसलं. ती वाकली, ओल्या गवतात पोटावर सरकली, उठली. मला आवाज आला.

"कड्या वाजतात. चिंधी गुंडाळ. आम्ही बांगड्यांना गुंडाळायचो, रानात गार्ड असायचा."

तिचे डोळे मोठे झाले. "आजी, तू पोचर होतीस?"

"म्हणजे काय?"

"चोरून शिकार करणारी."

"लाकडंच गं. लाकूड पळत नाही, मीच पळायचे."

दुसऱ्या दिवशी ती डोंगरात गेली. ती परत येईपर्यंत माझं कामात लक्ष नव्हतं. डाळ लागली, तीही करपू दिली.

आता ती मोंटानात असते. नोकरी तिकडं मिळाली, डोंगरही तिकडं मोठे म्हणे. खाली दुसरं बिऱ्हाड आलंय, चांगली माणसं आहेत, पण त्यांच्याशी बोलायला विषय लागतो.

मला ती आठवते ती डोंगरातून परत आली त्या संध्याकाळची. दारात उभी, बुटांना चिखल, केसांत पाला. तिनं जाकीट खांद्यावरून खाली ओढलं. मी चष्मा लावून बघितलं. लाल नाही, वळ नाही, कातडी कोरी.

"दुखतं का?"

"भूक लागलीय."

भाकरी टाकल्या. मांडी घालून खाली बसली आणि खातच राहिली. मी नुसती खांद्याकडं बघत होते, हरणाचं विचारायचं राहूनच गेलं. मुलगा लांब सोफ्यावर बसून तिच्याकडं बघत होता.

शेवटी पाणी प्याली, हात पुसले आणि म्हणाली, "आजी, तुझ्याकडे मोठं पातेलं आहे का? खूप मोठं?"