शोभामावशीच्या जागेवर

"तू बस शोभाच्या जागी. तुले काही सोंग घ्या लागत नाही."

मॅनेजर साहेब हे सगळ्यांसमोर बोलले. ऑफिसातली पोरं हसली. एक जण म्हणाला, "फक्त चप्पल बदलून घे वं." मी खाली बघितलं. चप्पल बदलली.

मलकापूरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी सेफ्टी असिस्टंट आहे. इंग्रजी शाळेत शिकले म्हणून मला घेतलं. आज परदेशी खरेदीदाराचा माणूस सुरक्षेची पाहणी करायला येणार होता. पाहणीची आमच्याकडे एक रीत आहे. मशीनवरच्या बायांना मागच्या गेटाबाहेर नेऊन बसवतात. त्यांच्या जागी ऑफिसातली माणसं बसतात, नवे हातमोजे घालून. मशीनच्या पट्ट्यावर जाळी चढते. पाहुणा गेला की उतरते. रुई अडकली तर जाळी खोलण्यात वेळ जातो ना.

गेल्या हंगामात त्याच उघड्या पट्ट्यात शोभामावशीचा पदर गेला. मागोमाग केस. मशीन बंद करायचं बटण हाताच्या अंतरावर होतं. शेजारी दुसरी बाई उभी होती. तिनं बटण दाबलं नाही, ओरडून फिटरला बोलावलं. बाईनं मशीन थांबवलं तर तिला घरी पाठवतात, हे तिला माहीत होतं. मावशी वाचली. डोक्याच्या एका बाजूला आता केस येत नाहीत. ती तशीच पुन्हा कामावर आली.

मावशी आमच्याच वस्तीतली, विहाराच्या मागे राहते. बाहेर जाता जाता मला म्हणाली, "ओढणी बांधून घे माय." त्यात टोमणा नव्हता.

मी मॅनेजर साहेबांना हळूच विचारलं, "मीच का?"

"काऊन म्हणजे? त्या बाया काहीबी बोलून जातात. तू तर बोलतच नाहीस."

खरं होतं. शाळेतही मी अशीच होते. कोणी काही बोललं की गप्प. माझ्या गप्प बसण्यावर कोणी इतका भरवसा ठेवेल, असं मात्र वाटलं नव्हतं.

पाहणीचे साहेब पुण्याचे. सभ्य माणूस. माझ्यापाशी थांबून त्यांनी विचारलं, "काही धोका दिसला तर तुम्ही स्वतः मशीन थांबवू शकता का?"

ठरल्याप्रमाणे मला एवढंच म्हणायचं होतं, हो.

मी बटण दाबलं. मशीन थांबलं. माझा आवाज मलाच ऐकू आला.

"मी इथली कामगार नाही. कामगार बाया मागच्या गेटाबाहेर बसल्यात. हे बटण दाबलं तर त्यांना घरी पाठवतात. त्यांना विचारा."

मॅनेजर साहेब हसले. "नवीन पोरगी आहे. घाबरली."

साहेबांनी गेटाकडे एकदा बघितलं. तिथून गेट दिसत होतं. मग म्हणाले, "ठीक आहे, पुढे चला." पुढे चहा होता. माझ्यामागे फिटरनं मशीन चालू केलं.

संध्याकाळी जाळी उतरली. शोभामावशी आपल्या जागेवर आली. मला वाटलं, काहीतरी बोलेल. बोलली.

"तुले दुसरीकडं काम भेटन. आमाले कोण ठेवते? कायले तोंड उघडलं वं?"

 

मॅनेजर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "राजीनामा दे अन् चूपचाप घरी जाय."

"देत नाही."

"काऊन?"

"तुम्ही काढा. काऊन काढलं ते बायांसमोर सांगा."

बाहेर आले तर एकही बाई माझ्याकडे बघेना. पाहणीत आम्ही पास होणार. जाळी कोपऱ्यात पडून राहणार. माझ्या एकटीनं यातलं काही बदलेल, असं मला वाटत नाही.

उद्या सकाळी मी आधी जाऊन त्या बटणाजवळ उभी राहणार आहे. जाळी नसेल तर मशीन थांबवणार. ते चालू करतील. मी पुन्हा थांबवणार. मला ओढून बाहेर काढायचं असेल, तर त्यांनी शोभामावशीच्या डोळ्यांसमोर काढावं.