अप्पांचं खरं वय सांगणारा मुकादम

मी ऊसतोड मजुराची पोरगी आहे आणि आज एका मुकादमासाठी लिहितेय.

शिरूरकडच्या मित्रांनो, आधी पूर्ण वाचा. मग कॉमेंटमध्ये काय भांडायचं ते भांडा.

भागवत मुकादम याच तारखेला गेले. कोरोनाची दुसरी लाट. वय सेहेचाळीस.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मुकादम म्हणजे साखर कारखान्याला तोडणीचे मजूर पुरवणारा माणूस. नवरा-बायकोची जोडी म्हणजे त्याच्या भाषेत एक कोयता. नवरा म्हातारा वाटला की मुकादम तो कोयता नको म्हणतो.

म्हणून आमचे अप्पा कित्येक वर्षं पन्नाशीतच होते.

हंगामाआधी मिशीला कलप. आधार काढताना सुद्धा वय चांगलं घसघशीत कमी सांगितलेलं, कारण मुकादम त्याची झेरॉक्स ठेवून घेतो. आम्ही घरात हसायचो. अप्पा हसायचे नाहीत.

त्या लाटेत मी बीडला एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स होते. खालच्या मजल्यावर, ऑक्सिजन वॉर्डात. आमच्या गावातले बरेच जण पॉझिटिव्ह निघाले आणि एकाच गाडीतून आले. अप्पा आणि भागवत मुकादम वरच्या मजल्यावर, सौम्य लक्षणांच्या वॉर्डात. शेजारशेजारच्या कॉटवर.

आता एक गोष्ट ठामपणे सांगते, कारण ती मी रोज बघत होते. वय वाढलं की हा आजार जड जातो. तरणा पेशंट बिघडायला लागला तर निदान थोडा वेळ देतो. साठीपुढचा माणूस सकाळी आपल्याशी गप्पा मारतो आणि दुपारी त्याला श्वास पुरत नाही.

त्यामुळे आमचे डॉक्टर साठीपुढच्यांना ऑक्सिजन जरा कमी दिसला तरी लगेच खाली हलवायचे. पन्नाशीतल्यांना वर थांबवून बघायचे. बेड मोजके होते. दुसरा इलाज नव्हता.

अप्पांचा ऑक्सिजन घसरायला लागला होता आणि फाईलवर वय होतं बावन्न.

ड्युटी संपवून मी वर गेले. डॉक्टर राऊंडलाच होते. "सर, माझे वडील सत्तरीच्या आसपास आहेत. त्यांना खाली घ्या."

ते दमलेले होते. "सिस्टर, आधारवर बावन्न आहे. पेशंट स्वतः बावन्न सांगतात. तुमचे वडील आहेत म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचा बेड देऊ का?"

त्यांचं चूक नव्हतं. तेव्हा प्रत्येक नातेवाईक आपल्या माणसाचं काही ना काही वाढवूनच सांगत होता.

मी अप्पांना म्हटलं, "अप्पा, खरं वय सांगा."

अप्पांनी आधी शेजारच्या कॉटकडे पाहिलं. धाप लागलेली, तरी म्हणाले, "बावन. कावून इचारायलीस?"

मला रडू येत होतं आणि रागही. इथे जिवावर बेतलंय आणि हा माणूस पुढच्या हंगामाचं बघतोय. त्यांच्या डोक्यात एकच होतं: वय कळलं की कोयता गेला, आणि कोयता गेला की आपण पोरीच्या घरी बसून खाणारा म्हातारा.

तेवढ्यात मुकादम उठून बसले.

"डॉक्टरसाहेब, अप्पा खोटं सांगायलेत. मला भेऊन."

डॉक्टर फाईल हातात घेऊन त्यांच्याकडे वळले.

"मी शेचाळीसचा. पयलीला असताना ह्यांच्या बैलगाडीत बसून कारखान्यावर गेलतो. तवा ह्यांचं लगीन झालेलं व्हतं, ह्या एवढ्या मिशा व्हत्या. बावनचे असते तर तवा बारा वर्साचे असते. बारा वर्साच्या पोराला मिशा असत्यात का?"

डॉक्टर हसले. त्यांना हसताना मी किती तरी दिवसांनी पाहिलं.

अप्पांचं तोंड एवढंसं झालं. "मुकादम, तुमाला ठावं व्हतं?"

"समद्या गावाला ठावं हाय. तुमच्यावानी मोळी तरण्या पोराला बांधता येत न्हाई, म्हणून नेतो तुमाला. जावा आता खाली."

अप्पांना लगेच खाली आणलं. संध्याकाळपर्यंत त्यांचा ऑक्सिजन एवढा पडला की हाय फ्लो ऑक्सिजनच्या मशीनवर ठेवावं लागलं. वरच्या मजल्यावर ऑक्सिजनची लाइनच नव्हती. पुढचं मी लिहीत नाही, तुम्हाला कळतंय.

मुकादमांनी आपला बेड दिला वगैरे काही नाही. उगाच देव करू नका त्यांना. तेव्हा त्यांची तब्येत खरंच बरी होती.

पण शुगर होती आणि गोळ्या कधी वेळेवर घेतल्या नाहीत. काही दिवसांनी तेही खाली आले, माझ्याच वॉर्डात. वय कमी असलं की धोका कमी असतो. धोका नसतो असं नाही. हे मी आजही प्रत्येक पेशंटच्या नातेवाईकाला सांगते.

एकदा सलाईन बदलताना त्यांनी माझा हात धरला. "माय, अप्पाला सांग, औंदा बी तुमचा कोयता माझ्याकडंच हाय. पालथं पडून ऱ्हा म्हणावं, डॉक्टर सांगत्यात तसं."

तोपर्यंत अप्पा पालथं झोपायला अजिबात तयार नव्हते. हा निरोप दिल्यावर निमूटपणे झोपले. खाणं सुरू झालं, फुंकर मारायचा व्यायाम सुरू झाला.

मुकादम गेले तेव्हा अप्पा त्याच वॉर्डात, पडद्याच्या पलीकडे होते. घरी नेईपर्यंत मी त्यांना सांगितलं नाही.

नंतर दुसरे मुकादम आले दारात. अप्पांनी चहा पाजून परत पाठवले. मला म्हणाले, "आता नव्या माणसाला कितीचा म्हणून सांगू?"

त्यानंतर ते कधी उसाला गेले नाहीत.

भागवत मुकादम, तुम्ही आमच्या लोकांकडून किती आणि कसं काम करून घेतलंत, ते मी विसरलेले नाही. त्यावर लिहिते, लिहीत राहीन.

पण आज सकाळी अप्पा माझ्या मुलीला शाळेत सोडून आले, जिना चढले आणि धाप न लागता माझ्याशी भांडले.

ते तुमच्यामुळे.

जय भीम, मुकादम. शांत झोपा.