संध्याकाळी सांगायचा अर्थ

माझा मोठा भाऊ घाटंजीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचा आणि मी दारव्ह्याला कॉलेजात ग्रंथपाल होते. दोघंही निवृत्त झालो तेव्हा आमच्यात एक खेळ सुरू झाला. सकाळी एकानं फोन करून दुसऱ्याला एक अनोळखी इंग्रजी शब्द द्यायचा. उच्चार सांगायचा, स्पेलिंग सांगायचं, अर्थ मात्र स्वतःजवळ ठेवायचा. दुसऱ्यानं तो शब्द दिवसभर घोळवायचा आणि संध्याकाळच्या फोनवर अंदाज सांगायचा. अंदाज सांगितल्याशिवाय डिक्शनरी उघडायची नाही, एवढाच नियम होता.

आमचं इंग्रजी वाचून आलेलं. असले शब्द बोलणारं माणूस आम्हाला कुठं भेटणार होतं? ‘सिनेक्डकी’ या शब्दाला आम्ही कितीतरी वर्षं ‘सिनेकडोच’ म्हणत होतो. अंशावरून पूर्णाचा बोध करून देणारा हा अलंकार. तो काय असतो ते आम्हाला नीट ठाऊक होतं, फक्त त्याला हाक कशी मारायची ते ठाऊक नव्हतं. मग दादानं उच्चाराच्या खुणा असलेली जाड डिक्शनरी घेतली. त्यातल्या उलट्या ‘ई’चं त्याला फार कौतुक होतं. “हा आपला ‘अ’च आहे, फक्त झोपेतला,” तो म्हणायचा. पण सिनेकडोच त्यानं सोडलं नाही. “लंडनमध्ये काही म्हणोत. यवतमाळ जिल्ह्यापुरता आपला उच्चार पक्का.”

एकदा मी त्याला ‘बॉर्बरिग्मस’ दिला होता. पोटातल्या गुरगुरण्याला इंग्रजीत एवढा भारदस्त शब्द आहे याचा आनंद त्याला आठवडाभर पुरला. जेवायला बसताना तो वहिनीला म्हणाला, “आज बॉर्बरिग्मस होऊन राह्यला मले.”

“गॅस झाला म्हणा ना सरळ,” वहिनी म्हणाली. “अन् भजे कमी खा.”

हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब म्हणजे ‘अप्रिसिटी’, हा शब्द त्यानं मला जानेवारीत दिला. मी अंदाज केला होता की हे एखादं फळ असावं. तेव्हा मी अंगणात पाठ उन्हाकडे करूनच बसले होते.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी दादाला छातीत दुखू लागलं म्हणून यवतमाळला दवाखान्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचाच फोन आला. आवाज बरा होता. तब्येतीचं विचारलं तर म्हणाला, “ते डॉक्टर पाहतील. तू शब्द घे.” आणि त्यानं शब्द दिला: बुस्ट्रफीडन. जोर ‘फी’वर. एकेक अक्षर सावकाश सांगितलं, माझ्याकडून परत म्हणवून घेतलं आणि फोन ठेवला. दुपारी तो गेला.

तेरवी झाली, मी दारव्ह्याला परतले. हाताशी फोन होता. बोट टेकवलं असतं तर अर्थही कळला असता आणि उच्चारही ऐकू आला असता. मी ते केलं नाही. संध्याकाळी सांगायचा अर्थ अजून दादाजवळच होता. तो मी दुसरीकडून घेतला असता, तर आमच्यातलं चालू असलेलं शेवटचं काहीतरी संपलं असतं. तरी तो शब्द काय असेल याची उत्सुकता काही जाईना, आणि दुःखात ती एवढी ताजी राहावी याचं मला नवल वाटे. शेवटचा ‘डन’ ऐकून वाटे, मॅस्टोडनसारखा एखादा नामशेष झालेला प्राणी असेल. मधला ‘स्ट्रफी’ ‘स्ट्रोफी’शी, म्हणजे कवितेच्या कडव्याशी जुळत होता. प्राणी आणि कविता एकत्र कुठं येतात? बाजारात भाजी घेताना, बसमध्ये खिडकीशी, मी तो शब्द घोळवत असे.

कापूस वेचणी सुरू झाली तेव्हा मी घाटंजीला गेले. दुपारी वहिनी तूर निवडत बसली होती. सूप बाजूला ठेवून तिनं विचारलं, “ताई, त्या दिवशी सकाळी काय बोलले ते तुमच्याशी?”

“काहून?”

“मी चहा आणाले खाली गेलती. वर आली तं फोन ठेवून हासून राह्यले होते. कायले हासता म्हटलं, तं म्हणे, आज ताई अडकते. मंग नर्स आली, अन् राहूनच गेलं. मले वाटते, विचारून घ्याले पाह्यजे होतं.”

तो हसत होता हे मला माहीत नव्हतं. मी तिला शब्द सांगितला, आणि अर्थ अजून पाहिला नाही हेही सांगितलं.

“इतके दिवस? मले रोज वाटते, ते कायले हासले. अन् तुम्ही धरून बसल्या.”

ती आत गेली आणि दोन्ही हातांनी डिक्शनरी घेऊन आली.

“अंदाज सांगावा लागतो आधी,” मी म्हणाले.

“मंग सांगा. मी ऐकतो.”

“कवितेत येणारा मोठा प्राणी.”

“बरं. उघडा आता.”

पान सापडायला वेळ लागला. उच्चार दोन दिले होते, बू आणि बाउ. दादानं पहिला घेतला होता. अर्थ मी आधी मनात वाचला, मग तिला मराठीत सांगितला. ही लिहिण्याची एक फार जुनी रीत होती. पहिली ओळ डावीकडून उजवीकडे जायची, दुसरी तिथूनच वळून उजवीकडून डावीकडे यायची. नांगराचा बैल सरीच्या टोकाला वळतो तशी. शब्दाचा मूळ अर्थच तो होता, बैलाचं वळणं.

वहिनी पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता डोळे पुसत म्हणाली, “त्यायलेच येत नव्हता बैल वळवता. वावराच्या धुऱ्यापर्यंत बैलाचा डवरा बरोबर नेत, अन् तिथं उभं राहून मामंजीले हाका मारत. नवीन लग्न झालं होतं आमचं. साऱ्या बाया हासत.”

हे मला कधीच कोणी सांगितलं नव्हतं. तो नेमका त्यासाठी हसला होता, की मी अडकणार म्हणून, ते कळायला आता मार्ग नाही. दोन्ही असेल असं वहिनीचं म्हणणं आहे.

तिनं कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून माझ्यापुढं ठेवलं. “मराठीत लिहून पाहा बरं, कसं दिसते.”

मी लिहिलं, ‘दादा फोन ठेवून हसत’, आणि कडेला आल्यावर पेन्सिल वळवली. शिरोरेघ न तोडता खाली वळली आणि उलटी चालू लागली. पण ‘होता’ लिहायचं तर काना आता कुठल्या बाजूला?

“इकडून,” वहिनी वाकून म्हणाली. “नाही, थांबा. पाहू द्या मले.”