आयेचं एक वाक्य आणि मडमेचा तीनदा भात

मी सातवी नापास झालो आणि त्यामुळे माझं इंग्रजी सुधारलं.

(शाळेत राहिलो असतो तर ते कधीच आलं नसतं, हे आमच्या मास्तरांनाही मान्य होतं.) शिरोड्याहून मुंबई गाठली आणि एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर वरकामाला लागलो. शाळेतलं इंग्रजी म्हणजे 'द बुक इज ऑन द टेबल'. पुस्तक टेबलावर, विषय संपला. पण मडम असं सुटसुटीत कधी बोलायचीच नाही. तिच्या चादरी नुसत्या कपाटात नसत, 'अप इन द कबर्ड' असत. साहेब 'आउट इन द गार्डन', चष्मा 'ओव्हर बाय द विंडो', माळी 'डाउन अ‍ॅट द गेट'. जागेच्या आधी येणाऱ्या त्या चिमुकल्या शब्दांची मला इतकी धास्ती, की चष्मा आणायला सांगितला तरी घाम फुटायचा. चुकलो तर नोकरी गेली, आणि नोकरी गेली तर मी कुठे जाणार?

मग एकदा रजेवर घरी गेलो असताना आये म्हणाली, "सूप थंय वयर माळ्यार आसा, आणि तुजो बापूस सकल शेतात गेलो." मी जागच्या जागी उभा. आयेलाही नुसतं 'माळ्यार' पुरत नव्हतं! आधी 'वयर' म्हणजे वर की 'सकल' म्हणजे खाली ते सांगायचं, मग जागा. म्हणजे माझी आई आणि माझी मडम एकाच शाळेत शिकल्या होत्या, आणि मीच तेवढा वर्गाबाहेर होतो. त्यानंतर मी भराभर शिकलो. जरा फुगलोही.

त्याच वर्षी मला विषमज्वर झाला. दुसरं कुणी असतं तर मला गाडीत बसवून घरी धाडलं असतं. मडमेने मला ठेवून घेतलं, उशाशी बसून बार्लीचं पाणी पाजलं. हे आयेला कळलं तेव्हापासून तिने एकच ध्यास घेतला. त्या बाईला एकदा आपल्या हातचं जेवू घालायचं, आणि तिला एक गोष्ट सांगायची. कुठली गोष्ट, ते मला सांगेना. "ती इली की सांगतलंय. तू फकत विंग्रजीत घाल."

गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या मे महिन्यात साहेब-मडमेचं मोटारीने वेंगुर्ल्याला यायचं ठरलं. मी भीत भीत विषय काढला. मडम लगेच हो म्हणाली. फक्त दुपारी दोनला निघायला हवं, अंधाराच्या आत आंबोली घाट चढायचा होता.

आता घर सापडायला हवं. मी आधी येऊन सगळ्या कुटुंबाला इंग्रजी शिकवलं! थोरला भाऊ दादा रस्त्यावरच्या मोरीपाशी. त्याचं वाक्य, 'स्ट्रेट ऑन डाउन टू द टेंपल'. पुढे देवळापाशी आमचे वडील अप्पा, 'ऑन पास्ट द बिग ट्री'. त्याच्या पुढे वडाखाली बहीण शालू, 'जस्ट अ बिट फर्दर डाउन द रोड'. की आलंच घर. तिघांनी हात जोडून उभं राहायचं, वाक्य म्हणायचं, एक अक्षर जास्त नाही. अप्पांनी वाक्य इतकं घोटलं, की आंघोळीच्या वेळी 'हर हर गंगे'च्या जागी तेच आलं.

सगळं चोख होतं. फक्त मोटार वेंगुर्ल्याच्या बाजूने येणार, हे मी गृहीत धरलं होतं. साहेब-मडमेने आमची माणसं रस्त्यावर यायच्या आत, भल्या सकाळी निघून आधी रेडीचा समुद्र पाहिला, आणि तिथून उलटे शिरोड्याकडे आले!

आमच्या घरावरून मोटार सरळ पुढे गेली. (आये चुलीपाशी, मी मागच्या परसात केळीची पानं कापतोय.) वडाखाली शालूने हात जोडले आणि सांगितलं, अजून थोडं पुढे. गेले पुढे. देवळापाशी अप्पा म्हणाले, मोठ्या झाडाच्या पलीकडे. झाड मागे पडलेलं, म्हणून ते दुसरं झाड शोधत गेले. मोरीपाशी दादाने ठणकावलं, सरळ खाली देवळापर्यंत. कोकणात देवळांना आणि वडांना काय तोटा? त्यांना पुढे दोन्ही मिळाली, दुसऱ्या गावची!

तिथून कुणीतरी त्यांना परत फिरवलं. आता मोटार बरोबर दिशेने येत होती. पण आमच्या माणसांची वाक्यं म्हणून झाली होती! कामगिरी फत्ते म्हणून तिघेही शेतातल्या पायवाटेने घरी येऊन, हातपाय धुऊन, पाटावर बसले होते. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मोटार पुन्हा घरावरून गेली, रेडीकडे.

"गाडी खंय?" आयेने विचारलं.

"माझ्याकडसून कवाच गेली," दादा म्हणाला. अप्पांनी आणि शालूनेही तेच सांगितलं. आयेने वड्यांची परात फडक्याने झाकली आणि दारात जाऊन बसली. तिचा तो चेहरा मला बघवेना. मी अनवाणी रस्त्याला लागलो आणि मिठागरांच्या वळणावर रेडीकडून परतणाऱ्या मोटारीपुढे दोन्ही हात पसरून उभा राहिलो. मडमेने काच खाली केली आणि म्हणाली, आज फार सुंदर इंग्रजी ऐकलं.

दोन वाजायला थोडकाच वेळ उरला होता. कोंबडी, वडे, सोलकढी. मडम पाटावर मांडी घालून बसली. आये समोर चुलीपाशी भाताचं भांडं घेऊन बसली, आणि एकाएकी हळू आवाजात म्हणाली, "बाये, ह्येका जल्म मी दिलंय, पण राखलंस तू. आता ह्यो तुजोव झील."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला 'अप' येत होतं, 'डाउन' येत होतं, 'ओव्हर बाय द विंडो' तर झोपेत येत होतं. पण 'हा आता तुझाही मुलगा' हे स्वतःबद्दल स्वतःच सांगायला जीभ वळेना. शेवटी तोंडातून निघालं, "शी सेज... मोअर राइस?"

"ओह येस, प्लीज," मडम म्हणाली, आणि तिने पान पुढे सरकवलं.

आयेने पाहिलं, बाईने मान डोलावली. आयेचे डोळे भरून आले. तिने भाताचा डोंगर वाढला आणि बोलू लागली. तुझी पोरंबाळं सुखी राहोत. मी म्हणालो, "अ लिटल मोअर राइस?" सात जन्म तुझे उपकार फिटायचे नाहीत. मी म्हणालो, "जस्ट अ बिट मोअर?" मडम बिचारी दोन्ही वेळा हो म्हणाली. निघताना तिला धड उठवेना. तिने आयेचे दोन्ही हात हातात घेतले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत. पुढे आये साऱ्या वाडीला सांगायची, "मी सांगलंय, आणि ती तीनदा हो म्हणाली."

मुंबईला परतल्यावर मडमेने मला बोलावलं. 'ओव्हर देअर बाय द फायर', म्हणजे चुलीपाशी बसून, तुझी आई डोळे पुसत काय म्हणत होती? मी बोटीत सगळा वेळ तेच वाक्य जुळवत आलो होतो. हातातला ट्रे खाली ठेवला, ताठ उभा राहिलो, तोंड उघडलं.

"राइस, मॅडम."

मडम हसली नाही. मलाही तसंच वाटलं, असं म्हणून तिने पुन्हा विणकाम हातात घेतलं. दुसऱ्या दिवसापासून खानसामा माझ्या ताटात दुप्पट भात वाढू लागला, मडमेचा हुकूम म्हणून. आभार मानायला मी काही शिकलो नाही. वजन मात्र वाढलं!