साहेबानं नेलेलं ताम्हण

आत्या गेली. ताम्हण काही परत आलं नाही.

आज सकाळी, चिंचवडच्या घरी, चहा झाल्यावर गेली. त्रास झाला नाही.

ताम्हणाचं काय ते सांगते. कारण ती रोज कुणाला ना कुणाला धरून सांगायचीच. आता तिची ड्यूटी माझ्याकडे आली.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. नक्की साल तिलाही माहीत नव्हतं.
देहूरोडच्या अलीकडे आमची वस्ती होती. आत्या तेव्हा परकरातली पोर.

कारखाने येणार, त्यांना वीज लागणार, म्हणून वस्तीच्याच जागेवर विजेचं केंद्र करायचं ठरलं. पैसा कुठल्यातरी परदेशी बँकेचा. कर्ज सरकारनं काढलं आणि घरं आमची जाणार होती.

एक दिवस त्या बँकेचा साहेब स्वतः जागा बघायला आला.

वस्तीनं ठरवलं, त्याच्याच कानावर घालायचं. घरं आणि विहीर सोडा, पलीकडचा माळ घ्या. बोलणार होते माझे आजोबा.

पण पाहुणा दारात आल्याआल्या गाऱ्हाणं सांगतात का आपल्यात? आधी औक्षण, फेटा, चहा. मग बोलणं.

ओवाळायला आत्याला उभं केलं. हातात आजीच्या लग्नातलं ताम्हण.

साहेबानं निरंजन फुंकर मारून विझवलं.
बायकांच्या तोंडचं पाणी पळालं.

मग त्यानं हसून, मान झुकवून तिच्या हातातून ताम्हणच घेतलं. त्याला वाटलं, भेट दिली. ड्रायव्हरनं ते जीपमध्ये ठेवून दिलं.

पाहुण्याच्या हातातलं परत कसं मागायचं?

चहा झाला. सोबतचा सरकारी अधिकारी साहेबाला इंग्रजीत काहीतरी म्हणाला, साहेबाचा चेहरा खुलला, आणि जीप निघून गेली. आजोबांचं बोलणं तोंडातच राहिलं.

पुढे घरं खाली करायला माणसं आली तेव्हा तोच अधिकारी म्हणाला, “आता कशाला रडता? तुम्हीच तर साहेबाला ओवाळलंत.”

वस्ती पांगली. आजोबा आळंदीला भाड्याच्या खोलीत गेले. विहिरीचा विषय निघाला की उठून बाहेर जायचे.

आणि आत्या मला आयुष्यभर एकच विचारत राहिली. “मी ओवाळलं म्हून गेलं का गं घर? आमी राजी हाय, आसं वाटलं आसंल का त्याला?”



मी ताथवड्याच्या कॉलेजात शिकवते. विकासाची कर्जं, मानवी हक्क, लोकांची संमती, सगळं स्लाइडवर असतं माझ्या. पण आत्याचा प्रश्न एकाही स्लाइडवर नाही.

साहेब वाईट नव्हता म्हणे. वीजही हवीच होती. त्याच विजेवरच्या कंपनीत बाबांनी शिफ्ट केल्या, ओव्हरटाइम केला, मला शिकवलं. मग मी रागवायचं कुणावर? बँकेवर, सरकारवर, त्या अधिकाऱ्यावर, की आमच्या पाहुणचारावर? खरंच कळत नाही.

गेल्या दिवाळीत तिला नवीन ताम्हण आणलं. म्हटलं, मिटव बाई एकदाचं.

हात पुढे केलाच नाही तिनं. “घेऊ ना?” म्हणाली.

“अगं, तुझ्यासाठीच आणलंय.”

“तसं न्हवं. घ्यायच्या आधी इचारायचं आस्तं. त्यानं इचारलं न्हाई. आन आमालाबी सांगता आलं न्हाई.”

मग घेतलं, पुसलं आणि कपाटात ठेवलं. एकदाही वापरलं नाही.

आज तिच्या तोंडात तुळशीचं पाणी घालायचं होतं. सगळे ताम्हण शोधायला लागले.

कपाट उघडण्याआधी मी तिच्याजवळ गेले. विचारलं, “आत्या, घेऊ ना?”

मग कपाट उघडून तिचंच ताम्हण काढलं आणि तुळशीचं पाणी तिच्या तोंडात घातलं.

नीट जा आत्या.
तू ओवाळलंस म्हणून काही गेलं नव्हतं गं.